मनाची दोन मापे



श्रावकाच्या अचौर्याणुव्रताला दोष लावणारे जे पाच अतिचार आपल्या आचारशास्त्राने सांगितले आहेत, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना एक माप आणि देताना दुसरे माप वापरणे, असा त्याचा सरळ अर्थ. पिढ्यानपिढ्या व्यापारावर जगणाऱ्या समाजाला हा दोष नावानिशी सांगून ठेवावा लागला, यात नवल नाही. आज दुकानातील काट्याच्या बाबतीत आपण पुरेसे सावध असतो. ठरावीक मुदतीने वजने-मापे तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारून घेतो, गिऱ्हाइकासमोर काटा शून्यावर आहे याची खात्री करून देतो.

परंतु एक काटा असा आहे, जो दुकानात, स्वयंपाकघरात, लग्नमंडपात आणि भावाभावांच्या बैठकीत अखंड चालू असतो आणि ज्याची तपासणी कोणीही करीत नाही. तो काटा म्हणजे आपले मन. आपण कोणासाठी किती केले, कोणी आपल्यासाठी किती केले, कोणी आपल्याला किती दुखावले आणि आपण त्याला किती दुखावले, याची मोजदाद ते अहोरात्र करीत असते. हा काटा प्रामाणिक आहे, असे आपण गृहीत धरतो. गेल्या काही दशकांतील मानसशास्त्राचे संशोधन मात्र सांगते की, त्याच्याजवळ मुळातच दोन मापे आहेत.

हे संशोधन ज्या दृष्टीतून समजून घेता येते, तिला उत्क्रांती-मानसशास्त्र म्हणतात. शरीराचे अवयव जसे दीर्घ काळाच्या गरजांतून घडले, तसाच मनाच्या सवयींनाही एक इतिहास आहे, ही तिची मूळ धारणा. उत्क्रांतीच्या सिद्धांताचा आणि जीवसृष्टी अनादी मानणाऱ्या आपल्या दर्शनाचा मेळ कसा घालावा, हा स्वतंत्र आणि मोठा प्रश्न आहे. त्यात आज शिरायचे नाही. मनात राग कसा उपजतो आणि तो टिकतो का, या प्रश्नापाशी मात्र दोन्ही वाटा एकमेकींच्या फार जवळ येतात. भाद्रपदातील क्षमेच्या पर्वाच्या पार्श्वभूमीवर तेवढेच पाहू.

देणे हलके, घेणे जड

२००३ साली लंडनमधील संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दोन व्यक्तींना एकत्र बसविले. एकाच्या बोटावर यंत्राने हलकासा दाब दिला आणि त्याला सांगितले, ‘तुला जेवढा दाब जाणवला, तेवढाच समोरच्याच्या बोटावर दे.’ मग दुसऱ्यानेही जाणवला तेवढाच दाब परत द्यायचा. एकाला काय सूचना दिली आहे, हे दुसऱ्याला ठाऊक नव्हते. अशा सहा जोड्यांवर हा प्रयोग झाला. कोणाच्याही मनात वैर नव्हते, प्रत्येक जण प्रामाणिकपणे ‘जेवढ्यास तेवढे’च देत होता. तरीही प्रत्येक पाळीला दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला.

व्यापाऱ्याला या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. १०० चे १३८ होतात, १३८ चे १९०. चौथ्या पाळीअखेर मूळ दाबाच्या साडेतीनपटीहून अधिक. आणि या चढत्या हिशेबात दोघेही मनापासून म्हणू शकतात की, ‘मी वाढविले नाही, त्याने वाढविले.’

याचे कारण आपल्या मज्जासंस्थेत आहे. आपण स्वतः केलेल्या हालचालीची संवेदना मेंदू आधीच गृहीत धरतो आणि ती सौम्य करून टाकतो. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. प्राण्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. अंगावरून चालणारा विंचू आणि आपलाच हात यांतील फरक क्षणात कळला पाहिजे, तर बाहेरून आलेला स्पर्श ठळक आणि आपला स्पर्श फिका असावा लागतो. ज्या सोयीने जीव वाचतो, तीच सोय देवघेवीत मात्र खोटे माप ठरते.

बोटावरच्या दाबाचे जे झाले, ते घरकामाचेही होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या रॉस आणि सिकोली या संशोधकांच्या अभ्यासात पती आणि पत्नी यांना स्वतंत्रपणे विचारले गेले की, घरातील निरनिराळ्या कामांत तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुतेक जोडप्यांत पूर्णाच्या पुढे गेली. ही केवळ बढाई म्हणावी, तर भांडणाला कारण होण्यासारख्या अप्रिय गोष्टींतही लोकांनी स्वतःचाच वाटा जास्त सांगितला. कारण असे की, स्वतःचे कष्ट आपण आतून पाहिलेले असतात. पहाटे पाचला उठून केलेला डबा ज्याने केला त्याला आठवतो. ज्याने खाल्ला त्याला फक्त चव आठवते. पेढीवर रात्री दहापर्यंत बसून जुळविलेला हिशेब ज्याने जुळविला त्यालाच ठाऊक असतो. एकत्र कुटुंबात चार कर्ती माणसे असतील आणि प्रत्येकाला आपला वाटा एक-तृतीयांश वाटत असेल, तर त्या घरात खोटे कोणीच बोलत नसते. तरी बेरीज मात्र चुकलेली असते.

दुखावल्या-दुखावलेपणाच्या आठवणींचेही तेच. १९९० साली बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांकडून दोन-दोन प्रसंग लिहून घेतले: एक, दुसऱ्याने आपल्याला संताप आणला तो, आणि दुसरा, आपण कोणाला संताप आणला तो. एकाच माणसाच्या दोन लेखांत जमीन-अस्मानाचे अंतर पडले. दुखावला गेलेला लिहितो की, समोरच्याचे वागणे अकारण होते आणि त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत. दुखावणारा लिहितो की, त्याला काही कारण होते, आणि ती गोष्ट तर केव्हाच मिटली. एकाच्या वहीत खाते बंद झालेले असते, दुसऱ्याच्या वहीत त्यावर व्याज चढत असते. लग्नपत्रिकेत नाव राहून गेले किंवा खाली छापले गेले, एवढ्या कारणावरून दोन घरांत वर्षानुवर्षे बोलणे बंद असल्याची उदाहरणे प्रत्येक गावात सापडतात. ज्याने पत्रिका छापली तो म्हणतो, घाईत राहिले. ज्याचे राहिले तो म्हणतो, मुद्दाम वगळले. दोघेही आपापल्या काट्यावर खरेच बोलत असतात.

संशय कशासाठी?

मनाला ही मोजदाद करण्याची सवयच का लागावी? १९७१ साली रॉबर्ट ट्रिव्हर्स या शास्त्रज्ञाने याचे एक उत्तर मांडले, ते आजही महत्त्वाचे मानले जाते. रक्ताचे नाते नसलेल्यांनी एकमेकांना मदत करणे दोघांच्याही हिताचे असते. मात्र आज दिलेले उद्या परत येण्याची खात्री हवी. घेऊन विसरणारा माणूस अशा व्यवस्थेत फुकट लाभ उठवतो. म्हणून मदत करणाऱ्यांच्या मनात काही पहारेकरी उभे राहिले. उपकार लक्षात ठेवणारी कृतज्ञता, आपल्याकडून राहिल्यास टोचणारी अपराधाची भावना आणि फसवणुकीवर उसळणारा न्याय्य संताप हे ते पहारेकरी होत. ज्या भावनांना आपण नीतीचा पाया मानतो, त्या ट्रिव्हर्स यांच्या मते देवघेवीच्या संरक्षक आहेत. ‘पत’ या शब्दाभोवती ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हे अपरिचित वाटू नये.

यांतील फसवणूक ओळखणारा पहारेकरी विशेष जागरूक दिसतो. चार पत्त्यांचे एक प्रसिद्ध कोडे आहे. नियम असा: पत्त्याच्या एका बाजूस स्वर असेल तर दुसऱ्या बाजूस समसंख्या असावी. समोर अ, क, ४ आणि ७ असे चार पत्ते आहेत. नियम पाळला आहे की नाही हे तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटावेत? बहुतेकांचे उत्तर चुकते. बरोबर उत्तर अ आणि ७ हे आहे. आता हेच कोडे असे मांडा: स्वामीवात्सल्याच्या भोजनाचा पास ज्याने घेतला, त्याने नावनोंदणी केलेली असावी. चार व्यक्तींच्या चार पत्त्यांवर ‘पास घेतला’, ‘पास घेतला नाही’, ‘नोंदणी केली’ आणि ‘नोंदणी केली नाही’ असे लिहिले आहे. कोणते उलटाल? ‘पास घेतला’ आणि ‘नोंदणी केली नाही’, हे उत्तर समितीतील कोणताही कार्यकर्ता चटकन देईल. तर्क तोच, पण फसवणुकीची शक्यता दिसताच बुद्धी लख्ख होते. लीडा कॉस्मिडीज यांनी १९८९ साली अशा कोड्यांच्या आधारे मांडले की, मनात लबाडी शोधणारी खास यंत्रणाच असावी. खास यंत्रणा आहे की नाही याबद्दल मानसशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. मात्र देवघेवीतील लबाडी आपल्याला चटकन दिसते, हे त्या प्रयोगांतून स्पष्ट झाले.

हा पहारेकरी अतिसंशयी का असावा, याचे उत्तर धुराचा इशारा देणाऱ्या घंटेत सापडते. गोदामात बसविलेली अशी घंटा कधी उदबत्तीच्या धुरानेही वाजते. तिचा त्रास होतो, पण खऱ्या आगीच्या वेळी गप्प राहणाऱ्या घंटेपेक्षा ती परवडते. मनाचे तसेच झाले. नसलेला अपमान दिसला तर थोडे नुकसान. असलेली फसवणूक दिसली नाही, तर सर्वस्व जाण्याची भीती. म्हणून मन जास्त वेळा वाजते. आज फोनवर संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही, आणि आपण मनाशी म्हणतो, ‘वाचूनही उत्तर दिले नाही.’ समोरचा कदाचित दवाखान्यात असेल, कदाचित गिऱ्हाइकासमोर असेल. घंटा मात्र वाजून गेलेली असते.

भाऊ आणि भागीदार

रक्ताच्या नात्यात हा हिशेब मवाळ व्हावा, अशी अपेक्षा असते आणि बऱ्याच अंशी तो होतोही. १९६४ साली विल्यम हॅमिल्टन यांनी त्याचे गणित मांडले. सख्ख्या भावंडांत आनुवंशिक वारशाची जवळीक सरासरी निम्मी असते, काका-पुतण्यांत पाव, सख्ख्या चुलत भावंडांत एक-अष्टमांश. जवळीक जितकी अधिक, तितकी झीज सोसण्याची तयारी अधिक.

हे गणित आपल्या पेढ्यांच्या इतिहासावर ठेवून पाहावे. दोन भाऊ एकत्र असतात, तोवर प्रत्येकाच्या दृष्टीने पेढी ही ‘आपली’ असते. मुले मोठी होऊन गादीवर बसू लागली की चित्र बदलते. स्वतःच्या मुलाशी जवळीक निम्मी, भावाच्या मुलाशी पाव. कोणाला परदेशी शिकवायचे, कोणाच्या नावे नवी शाखा काढायची, या प्रश्नांत ज्याच्या-त्याच्या काट्याचे पारडे नकळत आपल्या बाजूला झुकते. पुढच्या पिढीत तर निर्णय घेणारे चुलत भाऊ असतात आणि जवळीक एक-अष्टमांशावर आलेली असते. एकत्र व्यवसाय अनेकदा मुले हाताशी येण्याच्या सुमारास दुभंगतात, हे आपण पाहतो. त्यामागे अमक्या सुनेचा स्वभाव किंवा तमक्या भावाचा लोभ शोधण्याआधी या झुकलेल्या पारड्याची आठवण ठेवावी. घरात आलेल्या सुनांकडे तर जवळिकीचे हे भांडवलही नसते. त्यांचा संसार केवळ परस्पर विश्वासाच्या उधारीवर सुरू होतो. म्हणून त्यांच्या कष्टांची नोंद घरातील इतरांनी मोठ्याने बोलून घेणे, हे त्यांच्यावर उपकार नसून हिशेबाची दुरुस्ती आहे.

गणित म्हणजे नियती नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. दत्तक मुलाला पोटच्या मुलाप्रमाणे वाढविणारी आणि पुतण्याला गादी सोपविणारी माणसे आपल्या समाजात आहेत. शिवाय उत्क्रांतीच्या नावाने प्रत्येक सवयीमागे एखादी सोयीची कथा रचण्याचा मोह या शास्त्राच्या अभ्यासकांनाही होतो आणि त्यावर टीकाही झालेली आहे. म्हणून या विचाराचा उपयोग स्वतःला तपासण्यासाठी करावा. दुसऱ्याच्या वागण्यावर ठपका ठेवण्यासाठी किंवा ‘माणसाचा स्वभावच असा’ म्हणून स्वतःला सोडवून घेण्यासाठी नव्हे. एखादी सवय स्वाभाविक आहे, एवढ्याने ती योग्य ठरत नाही. तसे असते तर संयमाची गरजच उरली नसती.

क्षमेचे गणित

मग उपाय कोणता? अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी या प्रश्नाचे उत्तर संगणकावरील स्पर्धांतून शोधले. त्यांतील खेळ व्यापाऱ्याच्या भाषेत असा सांगता येईल: दोन व्यापारी एकमेकांना बंद पोत्यांतून माल पाठवतात. माल चोख पाठवायचा की खोटा, हे प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवायचे. दोघांनी चोख पाठविला तर दोघांचा फायदा. एकाने खोटा पाठविला तर त्याचा मोठा फायदा आणि दुसऱ्याचे नुकसान. दोघांनी खोटा पाठविला तर दोघेही जवळजवळ रिकामे. हा व्यवहार पुन्हा पुन्हा करायचा. पहिल्या स्पर्धेत तज्ज्ञांनी १४ संगणकीय डावपेच पाठविले, दुसऱ्या स्पर्धेत ६२. दोन्ही वेळा जिंकला तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठविलेला सर्वांत साधा डाव: सुरुवात चोख मालाने करावी आणि पुढे समोरचा जसा वागला तसे वागावे. १९८४ साली ॲक्सेलरॉड यांनी यावर ग्रंथ लिहिला. स्वतः होऊन लबाडी न करणे, लबाडीला तत्काळ उत्तर देणे, आणि समोरचा सुधारताच मागचे उगाळत न बसणे, ही त्या डावाची बलस्थाने त्यांनी सांगितली.

परंतु या ‘जशास तसे’ डावात एक उणीव होती. संगणकावर पोते चुकून बदलत नाही. खऱ्या बाजारात बदलते. पावसात माल भिजतो, निरोप उशिरा पोहोचतो. अशी एक चूक झाली की ‘जशास तसे’ वागणारे दोन प्रामाणिक व्यापारी आळीपाळीने एकमेकांना शिक्षा करीत राहतात आणि त्या फेऱ्यातून बाहेर पडत नाहीत. १९९२ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी गणिताने दाखविले की, जेथे चुका होणारच, तेथे अखेर अधिक यशस्वी ठरतो तो उदार डाव. हा डाव चोख मालाला नेहमी चोख उत्तर देतो आणि खोट्या मालाकडेही अधूनमधून काणाडोळा करतो. खेळाच्या नेहमीच्या गुणांनुसार हे प्रमाण साधारण तीनांत एक येते. म्हणजे क्षमा ही हिशेबाबाहेरची चैन नव्हे. काटा चुकणारा आहे हे एकदा मान्य केले, की क्षमा हा हिशेबाचाच आवश्यक भाग ठरतो. येणी वसूल होताना किरकोळ कसर सोडून खाते बंद करणारा व्यापारी हेच करीत असतो.

प्राण्यांच्या जगातही याचा आधार मिळतो. नेदरलँड्समधील आर्नहेम येथील प्राणिसंग्रहालयात फ्रान्स द वाल यांनी चिंपांझींचे निरीक्षण केले. १९७९ साली त्यांनी नोंदविले की, भांडण झालेले दोन चिंपांझी त्यानंतर दूर जाण्याऐवजी बऱ्याचदा जवळ येतात, एकमेकांना कवटाळतात, चुंबन घेतात. पुढे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लांब शेपटीच्या मकाक माकडांच्या जोड्यांना अशी सवय लावली की, दोघे मिळून आले तरच खाऊ मिळे. त्यानंतर त्या जोड्यांत भांडणानंतरचा समेट सुमारे तिपटीने वाढला. ज्याची गरज आहे, त्याच्याशी फार काळ वैर धरू नये, एवढे त्या जीवांनाही कळले.

मुदतीच्या आत

आता आपल्या शास्त्राकडे वळू. क्रोधाच्या तीव्रतेच्या चार पायऱ्या आपल्या कर्मसिद्धांताने सांगितल्या आहेत आणि त्यांना चार रेघांची उपमा दिली आहे. पाण्यावरील रेघ उमटताच मिटते, वाळूतील वाऱ्याने पुसते, जमिनीवरील भेग पावसाने बुजते. दगडावरील रेघ मात्र टिकून राहते. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत या पायऱ्यांना मुदतीही दिल्या आहेत: पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष आणि आयुष्यभर. आता प्रतिक्रमणाचे क्रम आठवावेत. रोजच्या प्रतिक्रमणापुढे पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक. या मुदती आणि हे क्रम जुळतात. रेघ दगडावर जाण्याआधी ती पुसण्याची शेवटची तारीख ठरवून दिलेली आहे. दिगंबर परंपरेत दशलक्षण पर्वाचा आरंभच उत्तम क्षमेने होतो आणि अनंत चतुर्दशीनंतर लगेच क्षमावाणी येते. मन आपणहून ‘आता पुरे’ म्हणणार नाही, कारण त्याच्या वहीत दुसऱ्याकडून येणे नेहमीच बाकी दिसते. म्हणून क्षमेची तारीख मनावर न सोडता पंचांगावर सोपविली, यात मोठे शहाणपण आहे.

मात्र ही तारीख आपण कशी पाळतो, हे प्रामाणिकपणे पाहावे. ‘मिच्छामि दुक्कडम’ किंवा ‘उत्तम क्षमा’ असे सजविलेले चित्र एका स्पर्शाने शेकडो जणांना जाते. त्यांतील बहुतेकांना आपण वर्षभरात भेटलेलोही नसतो. आणि ज्या एकाशी खरोखर बिनसले आहे, त्याचे नाव त्या यादीत नसते. जपानी संशोधकांनी २००९ साली दाखविले की, ज्या माफीसाठी मागणाऱ्याला काही झीज सोसावी लागली, ती माफी लोकांना अधिक मनापासूनची वाटते. फुकटचा संदेश हा न वटणाऱ्या धनादेशासारखा असतो. उंबरठा ओलांडून जाणे, मोठ्या भावाने धाकट्याकडे आधी जाणे, सासूने सुनेला एकांतात न सांगता घरच्यांसमोर ‘माझे चुकले’ म्हणणे, यांत मानाची झीज आहे. म्हणूनच त्याला किंमत आहे.

क्षमा केली म्हणजे तिजोरीची किल्ली द्यावी काय? नाही. ॲक्सेलरॉड यांच्या खेळात काहीही झाले तरी चोखच माल पाठवीत राहणारा डाव लबाडाच्या हातचे खेळणे होतो. मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावनांपैकी चौथी अशाच माणसांसाठी आहे. जो समजावूनही समजत नाही, त्याच्याविषयी द्वेष नको आणि आसक्तीही नको. त्याची उधारी बंद करावी, त्याच्याविषयीचे विष मात्र मनात साठवू नये.

रोजच्या व्यवहारासाठी तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, पैशाचा हिशेब सख्ख्या भावांतही कागदावर आणि वेळच्या वेळी व्हावा. जे कागदावर नसते ते मनाच्या काट्यावर जाते, आणि तो काटा दोन मापांचा आहे. दुसरी, कोणी दुखावले असे वाटले तर उत्तर देण्याआधी एकदा विचारावे, ‘असे का झाले?’ धुराची घंटा वाजली की आधी गोदामात जाऊन पाहतात, लगेच पाणी ओतीत नाहीत. तिसरी, ‘मी जेवढे घेतले तेवढेच परत केले’ असे वाटत असेल, तेव्हा आपण बहुधा थोडे जास्तच परत केलेले असते असे समजावे आणि राग परत करताना हात आखडता घ्यावा. स्नेह परत करताना मात्र तो सैल सोडावा. तेथे अधिक दिले गेले तरी हानी नाही.

दुकानातील काटा ठरावीक मुदतीने तपासून घेतल्यावरच आपण त्यावर गिऱ्हाइकाचा माल तोलतो. मनाच्या काट्याच्या तपासणीची मुदत भाद्रपदात येते. या वर्षी चित्रे पाठविण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि ज्यांच्याशी बोलणे तुटले आहे त्यांची नावे त्यावर लिहावीत. यादी बहुधा लहान असेल. त्यातील पहिल्या नावाच्या घरी, पर्व संपण्यापूर्वी, स्वतः जाऊन यावे.